रुमालाखालचा भाव

आठवा लागला आणि बाजारात हापूस भरात आला.
गाड्या पहाटे चारपासून लागतात,
मी साडेआठला पोचते, कोपरखैरण्याहून रिक्षाने,
खड्डा आला की दोन्ही हात पोटाखाली.
"सावकाश हो दादा," एकदाच म्हणायचं.
मग वाशीपर्यंत तो असा चालवतो
जशी मागे अंडी ठेवलीत.

गाळ्यात माझी खुर्ची टेबलापासून लांब सरकलीय.
मध्ये तू.
वही तुझ्यावर टेकवून आवक लिहिते:
पाच डझनी चाळीस, सहा डझनी अठ्ठावीस,
डागी अकरा.
तू लाथ मारतेस की मारतोस,
आकड्याला शेपूट फुटतं.
शेठ विचारतात, हा सात की नऊ?
सात होता, मी म्हणते, आता नऊच धरा.

बाहेर सौदा चाललेला असतो.
दोघांच्या हातांवर एक रुमाल,
खाली बोटं बोटांना धरतात, सोडतात,
चेहरे कोरे.
भाव त्या दोघांनाच ठाऊक.

मीही ओढणीखाली हात घालते.
टाच असेल, कोपर असेल,
काहीतरी सरकत येतं तळव्याखाली, टेकतं, थांबतं.
मी दोन बोटं दाबते.
तू एकदा.
मी परत दोन.
तुझा आकडा किती, मला कळत नाही.
हो म्हणून टाकते.

गेल्या खेपेला सगळं आधी आणलं होतं.
दुपटी, टोपरी, पिवळा टब.
पाचव्यात
टब अजून माळ्यावर आहे. त्यात पणत्या ठेवल्यात.

म्हणून यंदा घरात काहीच नाही.
सासूबाईंनी डोहाळजेवणाचा विषय काढला,
मी म्हटलं, बघू.
अंकुश मोबाइलवर पाळणे बघतो,
मी आले की पटकन क्रिकेट लावतो.
घरात कुणी आजारी निजलंय
आणि जाग येऊ नये,
तसे तिघं वावरतो. भांडीसुद्धा हळू ठेवतो.

ओझ्यातलं खरं कळतं ते सर्जेरावमामांना.
चाळीस वर्षं पाठीवर वाहिलंय.
परवा मला खुर्चीतून उठताना बघत राहिले.
"पोरी, कमरंनं न्हाय उचलायचं.
गुडघ्यानं उचल. आन् दम सोडायचा,
कोंडायचा न्हाय."
डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं,
आठशे रुपये घेऊन.

काल निघताना त्यांनी एक पेटी पुढे केली. रिकामी.
वर आलेला खिळा न् खिळा ठोकून बसवलेला,
कडा काचेने तासलेल्या.
बाजूवर पुसट शिक्का, गाव वाचता येत नाही,
फक्त शेवटचा एक काना.
"ऱ्हाऊ दे घरात," म्हणाले.
कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

रिक्षात ती मांडीवर मावेना. मांडी उरलीच कुठे.
शेजारी ठेवली, तिच्यावर हात ठेवून आले,
जणू तिचंही भाडं दिलंय.

रात्री खाडीकडून वारा आला.
पेंढ्याचा, चिकाचा वास घरभर.
तीनदा उठले. तिन्ही वेळा तिच्यात डोकावले,
अढीत हात घालू नये म्हणतात तरी.
पेंढ्याच्या दोन काड्या होत्या,
त्या काढल्या नाहीत.

सकाळी बघते तर तळाशी
सासूबाईंचं जुनं लुगडं, चौघडी करून.
त्या ओट्याशी पाठमोऱ्या.
अंकुश बुटाची नाडी बांधतोय,
एकाच बुटाची, केव्हाचा.
मी चहा घेतला. डबा भरला.
दारातून मागे आले,
लुगड्यावरची घडी सारखी केली,
गेले.

आज आवकीत चूक निघाली.
गाडीतून उतरल्या दोनशे सहा,
वहीत दोनशे सात.
शेठनी दोनदा मोजायला लावलं.
मामा मोजत होते, मोठ्याने,
माझ्याकडे न बघता.